दाराआडचा वैशाख

वैशाख आला की मी भितो. असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच उन्हाचं बोलायला लागतो. ताक पीत जा, डोक्याला रुमाल बांधत जा. मी मान हलवतो. मिठागरावर वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय कौतुक! मला भीती वाटते ती कडुनिंबाच्या मोहोराची. त्याचा वास सकाळी खिडकीतून आत आला की मी उगाचच घरातल्या एकेकाला हाक मारतो. सगळ्यांनी ओ दिली की मग चहा घेतो. घरातले हसतात. हसू देत, त्यांचं काय जातंय!

आता पनवेलीत कडुनिंब तरी किती उरलेत म्हणा. करंजाड्याच्या बाजूला बघावं तर इमारतीला इमारत लागलीय, आणि जिथं आमचे बाबा अनवाणी उभे राहून मीठ ओढायचे तिथं आता कुणाची तरी गाडी उभी असते. पण रस्त्याकडेला एखादं झाड असतंच, आणि एक झाड पुरतं. वासाला कुठं जंगल लागतं?

ती एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईला एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होतो. आठवडाभर तिकडं खोलीवर, शनिवारी एसटीनं घरी. आमच्या आगरी आळीत कुणी मॅट्रिक झालं तरी पेढे वाटायचे दिवस. त्यात माझा विषय काय, हे सांगताना माझी पंचाईत व्हायची. बाबांना एकदा सांगितलं, की धातू आणि ऑक्सिजन मिळून जो पदार्थ होतो त्याचा अभ्यास करतोय. बाबा म्हणाले, "म्हंजे गंज?" मी म्हटलं, तसंच काहीसं. ते म्हणाले, "गंज शिकाया मुंबैला कशाला जातोस रं? आमच्या फावड्याकडं बघ." मिठागरावर लोखंड एका पावसाळ्यात खलास होतं, त्यामुळं त्यांचंही बरोबरच होतं. पुढं सगळी आळी म्हणायला लागली, काशिनाथ गंज शिकतोय.

माझा गंज निकेलचा होता. हिरवट रंगाची पूड. तिच्या आत निकेल आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक असे बसलेले असतात, अगदी मिठाच्या खड्यात असते तशीच मांडणी. गंमत अशी, की तेव्हाच्या नेहमीच्या गणितानं हिशेब मांडला तर या पदार्थातून वीज सहज वाहायला हवी. प्रत्यक्षात ती वाहतच नाही. इलेक्ट्रॉन आहेत, त्यांना जायला वाट आहे, कुणी त्यांना बांधून ठेवलेलं नाही, आणि तरी सगळे आपापल्या जागी बसून. गणिताचा घोटाळा कुठं होता, तर सोयीसाठी असं धरलं जायचं की एका इलेक्ट्रॉनला बाकी सगळ्यांची मिळून एक सरासरी गर्दी जाणवते. आमचे सर खडू टेबलावर आपटून म्हणायचे, "अहो, सरासरी कुणालाच भेटत नाही. भेटतो तो शेजारी!" परदेशात नुकतंच कुणीतरी एक नवं मॉडेल मांडलं होतं. त्यात दोनच गोष्टी होत्या. शेजारच्या अणूवर उडी मारण्यातला फायदा, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अणूवर आले तर बसणारा भुर्दंड. मला सरांनी अणूंची एक छोटीशी ओळ घेऊन हा हिशेब सरासरी न धरता, एकेक शक्यता मांडून करायला सांगितलं होतं. ओळ छोटी, पण शक्यता मोजता मोजता दमछाक व्हायची. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत हातानं फिरवायचं गणनयंत्र संस्थेतून मागून घरी आणलं. एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, शेवया करायचं यंत्र का? मी हो म्हणून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात यमुनेला ताप आला.

यमुना माझी बायको. माहेर उरणकडचं, तेही मिठागरवाल्यांचंच. आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि चिमी, आमची मुलगी, नुकती रांगायला लागली होती. यमुनेची कंबर इतकी दुखायची की तिला उठवेना. आई म्हणाली, ऊन लागलं. मीही तेच म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नव्हती. गावात साथ सुरू झाल्याचं कानावर आलं होतं. मग कपाळावर आणि मनगटावर पुरळ दिसलं, आणि आईनं शेजारच्या हन्नाबाईंना हाक मारली.

हन्नाबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. त्यांच्या घरी शनिवारी चूल पेटत नसे आणि आमच्याकडं संकष्टीला मोदक झाले की पहिली वाटी त्यांच्याकडं जाई. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, आणि एकदा आलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, म्हणून आळीत कुठंही देवी आल्या की सेवेला हन्नाबाईच. त्यांनी यमुनेचा तळहात उजेडात धरून बघितला, तळपाय बघितले, आणि काही न बोलता पदर कमरेला खोचला. त्या पदर खोचण्यानंच मला कळलं.  मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

पुढचं सगळं आईनं केलं, कारण काय करायचं ते तिला ठाऊक होतं. दारावर कडुनिंबाचे डहाळे लागले. यमुनेला मधल्या खोलीत ठेवलं आणि तिथं फक्त आई आणि हन्नाबाई जाणार असं ठरलं. आईलाही लहानपणी देवी आल्या होत्या, अगदी थोड्या. घरात देवी असेतोवर फोडणी नाही, तळण नाही, दळण नाही, कांडण नाही, आणि नवऱ्यानं आत पाऊल टाकायचं नाही. संस्थेत सगळ्यांना टोचलं तेव्हा मलाही टोचलं होतं, मला काही होणार नाही, असं मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुला व्हायचं म्हनून नाय रं. तिला तरास नको म्हनून." यावर कुठलं शास्त्र चालवणार! चिमीला माझा मेहुणा उरणला घेऊन गेला. तिचं अंगावरचं दूध एकदम तुटलं. आळीच्या टोकापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि आतून यमुनेचा आवाज अजिबात नव्हता. ती तोंडात पदर कोंबून पडली होती, हे मला हन्नाबाईंनी नंतर सांगितलं.

डॉक्टर आले. उभ्या उभ्या बघितलं, ताप उतरायला गोळ्या दिल्या, चादरी उकळायला सांगितल्या. बाहेर येऊन हात धुताना मला म्हणाले, "लहानपणी टोचलेलं आहे ना? मग बहुतेक वाचतात." मी त्या 'बहुतेक'ला धरून बसलो. बहुतेक म्हणजे बरेच. बरेच म्हणजे यमुना त्यांतच. मी हिशेबाचा माणूस, मी तो शब्द पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघायचो. मग लक्षात यायचं, की ज्या सरासरीला खोटं पाडायला मी सुट्टीत यंत्र उचलून आणलंय, तिच्याच पायावर मी डोकं ठेवतोय. बहुतेक माणसं त्या खोलीत नव्हती. तिथं एकटी यमुना होती, आणि ती कण्हत होती.

आणि खरं सांगायचं तर भीती एक नव्हती, दोन होत्या. ती जाईल ही एक. ती सगळ्यांना सांगता येण्यासारखी होती; आळीतले लोक दुरून विचारायचे आणि मी सांगायचो. दुसरी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. ती वाचली आणि दार उघडून बाहेर आली, तर मला तिच्या तोंडाकडं बघवेल का? माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं आणि ते तिनं बघितलं तर? यमुना दिसायला फार देखणी होती असं नाही, पण मला ती बघायला आवडायची. चूल फुंकताना, चिमीला भरवताना, मी तिच्याकडं बघत बसलो की ती म्हणायची, "काय बघताय? कामधंदा नाय?" 

हन्नाबाई दुपारी खोलीतून बाहेर येऊन पडवीत वारा घेत बसायच्या. मी त्यांच्याकडं बघत असायचो. जन्मापासून या बाईंना बघत आलो होतो, त्यांच्या हातची करंजी खाल्ली होती, मार खाल्ला होता, पण त्यांच्या गालावर एवढे वण आहेत हे मला त्या वैशाखात पहिल्यांदा दिसलं. एका दुपारी त्या म्हणाल्या, "काय रे काशिनाथ, नकाशा वाचतोस काय माझ्या तोंडावरचा?" मी ओशाळलो. त्या हसल्या आणि मग म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासूनं मला बघितलंच नव्हतं. नुसता माझ्या हातच्या पोळीचा घास खाल्ला होता." त्यांच्या घरातही तो सारा महिना फोडणी पडली नाही. आईनं एकदा संकोचानं म्हटलं, की तुमचा देव वेगळा, तुम्ही कशाला पाळता. त्या म्हणाल्या, "देव वेगळा, पण भिंत एकच ना. लसणाचा वास काय विचारून येतो?"

माझ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी बंदी आली. मी पडवीत बसून दांडा फिरवायला सुरुवात केली तशी आई धावत आली. जातं थांबवलंय, रवी थांबवलीय, आणि हे काय घरघर लावलंय? देवी असताना घरात काही फिरवायचं नसतं. मी यंत्र बाजूला ठेवलं आणि लॉगची कोष्टकं काढली. थोड्या वेळानं आतून यमुनेचा आवाज आला, "अवो, यंतर का थांबलं?"

"आई नको म्हणते."

"फिरवा की. आवाज आला म्हंजे मला समजतं, तुमी भायेर हायेत."

आई दाराशीच उभी होती. ती क्षणभर घुटमळली, मग आत गेली. मी कान देऊन ऐकत होतो. आई माझ्या बायकोला म्हणाली, "माये, तुमाला पायजे का यंतर? तुमाला पायजे तर फिरवूं दे."

 सासू सुनेला तुम्ही म्हणत होती. सकाळी जिला 'उठ गं, पानी भर' म्हणायची तिच्यापुढं हात जोडून विचारत होती. ज्याच्या अंगात देवी तो माणूसच देवी, त्याचा शब्द मोडायचा नाही, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण आईच्या तोंडून ते तुम्ही ऐकल्यावर यमुना आमच्यापासून किती लांब गेलीय ते मला पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांच्या बोलण्यानं मी एवढा घाबरलो नव्हतो.

तेव्हापासून यंत्र चालू राहिलं. मी दांडा फिरवायचो, आकडे मांडायचो, थांबलो की आतून हाक यायची. सुरुवातीला ती बोलायचीही.

"आज काय गणित हाय?"

"तेच. अणूंची ओळ आहे. एकेक अणू म्हणजे एकेक घर, आणि घरात एकेक बिऱ्हाड. शेजारी जायला दार उघडं आहे, पण शेजारी आधीच कुणीतरी बसलेलं. दोघांनी एका घरात राहायचं म्हटलं तर भुर्दंड फार."

"मंग?"

"मग कुणी हलतच नाही. सगळे जागच्या जागी."

 मग म्हणाली, "म्हंजे ते बी देवीला भितात."

"ते निर्जीव असतात गं. त्यांना कसली भीती?"

"तर तर! भीती नाय तर घरात कशाला बसतील? तुमाला ठावं नाय."

मी हसलो, तीही हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. सरांनी असली भाषा कधीच चालवून घेतली नसती. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, एवढंच म्हणायचं. भितात बितात म्हणायचं नाही. पण मान वर करून बघावं तर समोर अख्खी आळी दारं लावून बसलेली. कुणी कुणाला कोंडलेलं नव्हतं, पोलीस नव्हता, फर्मान नव्हतं. जो तो शेजाऱ्याचं दार बघून आपलं लावून घेत होता. माझं गणित मला इतक्या उघड्यावर मांडलेलं नको होतं. मी पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून बसायला लागलो.

पुढं फोडांनी तिचा घसा भरला आणि बोलणं बंद झालं. मग मी थांबलो की ती उशाच्या भांड्यावर फुलपात्र वाजवायची. एक बारीक टण्ण आवाज. तो आला की मी पुन्हा दांड्याला हात घालायचो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फिरवलेले कितीतरी आकडे नुसतेच फिरवलेले आहेत. त्यांना काही अर्थ नव्हता.

एका दुपारी मी थांबलो आणि आतून काहीच आलं नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं. आई देवीच्या देवळात गेली होती. मी वाट बघितली. मग मुद्दाम दांडा जोरात फिरवला आणि एकदम थांबलो. काही नाही. "यमुना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. हन्नाबाई आत होत्या, त्यांचीही चाहूल नव्हती. मी दारापर्यंत गेलो. दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं, बोटानं ढकललं असतं तर उघडलं असतं. माझा हात उठेना. आईनं घातलेली आण होतीच, पण मला तेव्हा आण आठवत नव्हती. दार उघडल्यावर जे दिसेल ते मग कायमचं होईल, एवढंच डोक्यात होतं. दार बंद आहे तोवर आत काहीही असू शकतं. मी लोटलेल्या दाराला कपाळ टेकून उभा राहिलो. मुंबईचं शिक्षण, मॉडेल, काही म्हणता काही जवळ नव्हतं.

दार आतून उघडलं. हन्नाबाई माझ्यावर आदळता आदळता थांबल्या. "अरे, पडशील! घाम फुटलाय तिला. ताप उतरतोय. झोपलीय." मग माझं तोंड बघून त्या मागं सरल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा, तुला काय वाटलं?" मी पडवीच्या कडेला जाऊन बसलो आणि हुंदके देऊन रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

त्यानंतर भीती कमी व्हायला हवी होती. पहिली झालीही. खपल्या धरल्या, सुकल्या, गळायला लागल्या. आईनं भिंतीवरचा आरसा काढून धान्याच्या कणगीमागं ठेवला. त्या आरशाच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत मी माझी ओळ पुरी केली. भुर्दंड वाढवत नेला की एका टप्प्यापुढं अणूंवरची हालचाल जवळजवळ बंद पडते, आणि शेजारी शेजारी बसलेले इलेक्ट्रॉन आपल्या आतली इवलीशी चुंबकं एकमेकांच्या उलट दिशेला करून राहतात, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला चुंबक असल्याचा पत्ताच लागत नाही, असं उत्तर आलं. सर पुढं खूश झाले. मी स्वतः प्राध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांना ते प्रकरण शिकवायची वेळ आली की मी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी वर्गावर पाठवायचो. त्यांना वाटायचं सर आळशी आहेत.

न्हाऊमाखू घालून यमुना बाहेर आली त्या दिवशी मी तिच्या पायांकडं बघितलं. पाय बारीक झाले होते. मग हाताकडं बघितलं. तिनं पदर पुढं ओढून घेतला होता आणि मी तेवढ्यावर भागवून घेतलं. जेवताना ताटाकडं, बोलताना दाराकडं. असे काही दिवस गेले. तिला समजत नव्हतं असं नाही. 

मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मेहुणा चिमीला घेऊन आला. यमुना सकाळपासून पडवीत बसून होती. पोर दिसली तशी ती उठली, पदर मागं पडला, आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. चिमीनं तिच्याकडं बघितलं. तिचा ओठ थरथरला, आणि मग ती अशी किंचाळली की तशी किंकाळी मी पुन्हा ऐकली नाही. मामाच्या मानेला मिठी मारून ती तोंड लपवायला लागली. यमुना एक पाऊल पुढं गेली तर पोर निळी पडायची वेळ आली. आईनं डोळ्याला पदर लावला. कुणाला काय करावं सुचेना.

यमुनेलाच सुचलं. तिनं मेहुण्याला सांगितलं, "खाली ठेव तिला." आणि ती चिमीकडं पाठ करून जमिनीवर बसली. तशीच पाठमोरी बोलायला लागली. "चिमे, माजे बाय, कुठं गेलतीस गो? मामाकडं मासली खाल्लीस? कोंबरा बघलास?" रोज आंघोळ घालताना बोलायची तसंच, त्याच सुरात. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग थांबलं. चिमीनं मान वाकडी करून ऐकलं. मग ती रांगत निघाली, मध्येच थांबली, पुन्हा निघाली, आणि आईच्या पाठीला धरून उभी राहिली.

पण चिमीकडं पाठ केली म्हणून यमुनेचं तोंड माझ्याकडं आलं होतं. मी समोरच बसलो होतो, हातभर अंतरावर, आणि मधे ताट नव्हतं की दार नव्हतं. भर सकाळचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिनं पदर ओढून घेतला नाही. चिमी मागून तिचे केस ओढत होती आणि ती माझ्या डोळ्यांत बघत होती, मी कुठं दचकतो का ते.

"ती येईल हलूहलू," यमुना म्हणाली. "आता तुमी तरी नीट बघा."

मी घाबरलेलोच होतो. तसाच बघत राहिलो.